'मेतादिदोमी': देण्याच्या एका ग्रीक शब्दाचा अर्थ पाच वचनांतून कसा काढायचा

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातलं आठवं वचन बायबल अभ्यासात निघालं की मुंबईतल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या गटांत, हमखास गोंधळ होतो. आजीच्या हातातल्या मराठी बायबलात देणाऱ्याने 'औदार्याने' द्यावं असं असतं. नातवाच्या फोनवर किंग जेम्स हे जुनं इंग्रजी भाषांतर उघडलेलं असतं, त्यात 'सिम्प्लिसिटी' दिसतं, म्हणजे साधेपणा. शेजारी कोणी नवं इंग्रजी भाषांतर वाचत असतो, तिथे पुन्हा औदार्य. मग 'साधेपणाने द्यायचं म्हणजे बेताचं द्यायचं का?' असा प्रश्न येतो, कोणीतरी दशमांशाचा, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्याचा, विषय काढतो, आणि वचन बाजूलाच राहतं.

या वचनात दोन ग्रीक शब्द एकमेकांना धरून उभे आहेत. एक देण्याचा, 'मेतादिदोमी'. दुसरा देण्याच्या रीतीचा, 'हाप्लोतेस'. ग्रीक न शिकलेल्या माणसालाही दोन संध्याकाळींत त्यांचा अर्थ नीट लावता येतो. पहिली संध्याकाळ पहिल्या शब्दाला, दुसरी दुसऱ्याला. वही, एक मराठी बायबल आणि फोन एवढं पुरतं.

हा शब्द शिकायला निवडण्याचं कारण साधं आहे. 'देणे' या अर्थाचा मूळ धातू 'दिदोमी' नव्या करारात चारशेहून जास्त वेळा येतो. तो पूर्ण तपासायला नवखा माणूस बसला तर महिना जाईल आणि हाती काही लागणार नाही. 'मेतादिदोमी' फक्त पाच वेळा येतो. पाचही ठिकाणं एका बैठकीत वाचून होतात, त्यामुळे कोशाने सांगितलेलं खरं की खोटं हे स्वतःच पडताळता येतं.

आधी योग्य शब्द पकडा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मराठीत 'देणे' आणि इंग्रजीत 'गिव्ह' या एकेका शब्दाखाली अर्धा डझन ग्रीक शब्द लपलेले असतात. मराठी शब्द शोधून ग्रीकपर्यंत पोचता येत नाही, वचनावरूनच जावं लागतं.

'बायबल हब' किंवा 'स्टेप बायबल' या संकेतस्थळावर रोमकरांस १२:८ काढा. स्टेप बायबल केंब्रिजच्या टिंडेल हाउसमध्ये तयार झालं आणि फुकट आहे. बायबल हबवर ओळीखाली ओळ असलेली ग्रीक-इंग्रजी मांडणी निवडा. प्रत्येक ग्रीक शब्दाच्या डोक्यावर एक आकडा दिसतो. हा स्ट्राँगचा क्रमांक. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली किंग जेम्स भाषांतराची शब्दसूची काढली, तेव्हा मूळ भाषेतल्या प्रत्येक शब्दाला नंबर दिला. तो आजही चालतो. आपल्या शब्दाचा नंबर ३३३०. दिदोमीचा १३२५. वहीत नंबर आधी लिहा, उच्चार नंतर. उच्चारावर शोध घेतला तर फसाल, कारण कॉलेजांत शिकवला जाणारा जुन्या ग्रीकचा उच्चार 'हाप्लोतेस' असा असतो आणि आजचा ग्रीक माणूस तोच शब्द 'आप्लोतिस' म्हणतो. व्हिडिओंमध्ये दोन्ही ऐकू येतात.

हे काम विरार लोकलमध्ये बसून करणार असाल तर घरून निघतानाच पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. नेट नेमकं कोशाचं पान उघडताना जातं.

शाळेत शंभर गुणांचं संस्कृत घेतलेल्यांना इथे एक सोय आहे. 'दिदोमी' आणि 'ददामि' हे एकाच मूळ धातूपासून आलेले सख्खे भाऊ. पहिलं अक्षर दोनदा म्हणण्याची तीच पद्धत, शेवटी तोच 'मि'. संस्कृतात हे द्वित्व वर्तमानकाळात असतं आणि 'अदात्' मध्ये गळतं, ग्रीकमध्येही तसंच. त्यामुळे पाच वचनांत शब्दाची पाच वेगळी रूपं दिसली तरी बिचकू नका. लूकमध्ये मेतादोतो, रोमकरांस १:११ मध्ये मेतादो, १२:८ मध्ये मेतादिदूस, इफिसकरांसमध्ये मेतादिदोनाय, थेस्सलनीकाकरांसमध्ये मेतादूनाय. मधला 'दि' आहे तिथे वर्तमानाचं रूप, म्हणजे चालू राहणारी किंवा सवयीची क्रिया. 'दि' गळला तिथे क्रिया एकसंध धरलेली. याहून जास्त व्याकरण इथे लागणार नाही.

भावंडं असली तरी अर्थ मात्र ददामिवरून ठरवायचा नाही. 'इदं न मम' म्हणून हक्क सोडण्याची जी कल्पना आपल्या दानाला चिकटली आहे, ती रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या ग्रीकमध्ये नेऊन बसवली की चूक झालीच.

पाच ओळींचा तक्ता

वहीचं पान आडवं धरा. सहा रकाने आखा: वचन, देणारा कोण, काय देतो, कोणाला, दिल्यावर देणाऱ्याकडे काय उरतं, रूप. पाचवा रकाना सहसा कोणी आखत नाही, पण या शब्दाचं मर्म तिथेच उलगडतं.

लूक ३:११. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याला लोक विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला द्यावा. देणारा: दोन अंगरखेवाला, म्हणजे काही श्रीमंत नव्हे. काय: एक अंगरखा. उरतं: एक अंगरखा. घेणाऱ्याकडेही आता एकच आहे. हिशेब समसमान झाला.

रोमकरांस १:११. पौल रोमच्या मंडळीला भेटू इच्छितो, कारण त्याला काही आध्यात्मिक कृपादान त्यांना द्यायचं आहे. त्याच्याकडे काय उरतं? जे होतं ते सगळंच. आणि पुढच्याच वचनात तो लगेच म्हणतो की तुमच्या विश्वासाने मलाही धीर मिळावा आणि माझ्या विश्वासाने तुम्हाला. म्हणजे इथेही देणं एकतर्फी नाही. हे बारावं वचन तक्त्यात घेतलं नाही तर अकरावं वचन मोठ्याने लहानाला दिल्यासारखं वाटतं.

रोमकरांस १२:८. हेच तर सोडवायचं आहे. ही ओळ मोकळी सोडा.

इफिसकरांस ४:२८. चोरी करणाऱ्याने आता चोरी करू नये, स्वतःच्या हातांनी चांगलं काम करत कष्ट करावे, म्हणजे गरज असलेल्याला द्यायला त्याच्याजवळ काही असेल. देणारा: कालपर्यंतचा चोर, आजचा हातावर पोट असलेला कामगार. काय: मजुरीतला भाग. उरतं: बाकीची मजुरी. रूपात 'दि' आहे, म्हणजे एकदाच नव्हे, देत राहण्यासाठी.

१ थेस्सलनीकाकरांस २:८. पौल म्हणतो, तुम्हाला नुसती सुवार्ताच नव्हे, तर आमचा जीवही द्यायला आम्ही राजी होतो. इथे पाचव्या रकान्यात काय लिहायचं यावर गटात वाद होतो, होऊ द्या. पुढच्या वचनात रात्रंदिवस काम करून कोणावर भार न टाकल्याचं लिहिलं आहे, तेव्हा 'जीव देणं' म्हणजे मरणं नाही. आपल्या आयुष्यात त्यांना घेणं, त्यांच्यासाठी स्वतःला झिजवणं.

आता तक्ता उभा वाचा. घेणारा कोण, काय दिलं, हे प्रत्येक ओळीत बदलतं. बदलत नाही ते एवढंच, की जे दिलं ते देणाऱ्याच्या स्वतःच्या जवळचं होतं, आणि दिल्यावर दोघंही त्यात भागीदार झाले. 'मेता' या उपसर्गाचं कामही ग्रीकमध्ये अशा क्रियापदांत हेच असतं: 'मेतेखो' म्हणजे वाट्याला असणं, 'मेतालांबानो' म्हणजे वाटा घेणं. त्या ओळीत 'मेतादिदोमी' म्हणजे वाटा देणं.

इथे एक सापळा आहे. 'मेता म्हणजे सोबत, म्हणून मेतादिदोमी म्हणजे देणगीसोबत स्वतःलाही देणं' असं प्रवचन बरेचदा ऐकायला मिळतं. ऐकायला गोड, पण शब्दात ते नाही. थेस्सलनीकाकरांसमध्ये स्वतःचा जीव देण्याची गोष्ट आहे, ती पौलाने 'जीव' हा वेगळा शब्द घालून सांगितली म्हणून. लूकमधला माणूस अंगरखा देतो, बस्स. शब्दाचे तुकडे जोडून अर्थ बनवायचा आणि मग तो पाचही ठिकाणी ओतायचा, ही चूक कोश हाती असलेले लोकही करतात.

वाटप नव्हे

रोमकरांस १२:८ मध्ये 'देणारा' म्हणजे स्वतःच्या खिशातलं देणारा, की मंडळीच्या पेटीतलं गरजूंना वाटणारा? हा प्रश्न अभ्यासकांनी खरोखर विचारलेला आहे, कारण त्याच वचनात पुढे पुढारपण करणारा आणि दया करणारा येतात आणि सगळी यादी मंडळीतल्या कामांची वाटते. उत्तरावर पुढचा शब्दही अवलंबून आहे. वाटणारा असेल तर 'हाप्लोतेस' म्हणजे पक्षपात न करता, आतबाहेर न ठेवता. स्वतःचं देणारा असेल तर सढळपणे.

हा गुंता सोडवायला शेजारचा शब्द पाहा: 'दियादिदोमी'. योहान ६:११ मध्ये येशू भाकरी लोकांना वाटतो, तिथे हा आहे. प्रेषितांची कृत्ये ४:३५ मध्ये विकलेल्या जमिनींचे पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले जातात आणि ज्याला त्याला गरजेप्रमाणे वाटले जातात, तिथेही हाच. म्हणजे सामायिक ढिगातून वाटप करायला ग्रीकमध्ये शब्द तयार होता. पौलाने तो १२:८ मध्ये वापरला नाही. आपल्या तक्त्यातल्या बाकी चारही ओळींत देणारा स्वतःचं देतो, इफिसकरांसमध्ये तर स्वतःच्या हातांनी कमावलेलं. तेव्हा तिसऱ्या ओळीतही स्वतःचंच धरायला हवं. मंडळीचा खजिनदार या वचनात शोधायला नको. हे शंभर टक्के सिद्ध झालं असं नाही, पण पारडं स्पष्ट झुकलेलं आहे.

जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, सेप्टुअजिंटमध्ये, दोन जागा पाहून घ्या. ईयोब ३१:१७ मध्ये ईयोब शपथेवर विचारतो, मी माझा घास एकट्याने खाल्ला आणि अनाथाला दिला नाही, असं झालं का? घास तोच, खाणारे दोन. दुसरी जागा आणखी बोलकी. नीतिसूत्रे ११:२६ मध्ये धान्य दाबून ठेवणाऱ्याला शाप आणि दुसऱ्याला आशीर्वाद आहे. मूळ हिब्रूत हा दुसरा माणूस धान्य विकणारा आहे, टंचाईत गोदाम उघडणारा. ग्रीक भाषांतरकाराने विकणाऱ्याच्या जागी 'मेतादिदोमी' घातला आणि व्यापारी वाटेकरी झाला. छापील मराठी बायबल हिब्रूवरून असल्याने तिथे हे दिसणार नाही; सेप्टुअजिंटचं वेगळं भाषांतर उघडावं लागेल. तिथे अध्याय-वचनांचे क्रमांक कधीकधी पुढेमागे सरकतात, म्हणून वचन सापडलं नाही तर वरखाली चार ओळी बघा.

मराठीत कोणता शब्द बसवायचा

तक्ता झाला की उमेदवार शब्द घ्या आणि प्रत्येकाला पाचही वचनांत बसवून बघा.

'दान करणे' लूकमध्ये चालतं, इफिसकरांसमध्येही चालतं, थेस्सलनीकाकरांसमध्ये अडकतं. शिवाय मराठी कानाला दानामागे पुण्य ऐकू येतं आणि देणारा वर, घेणारा खाली अशी पायरी दिसते. कालचा चोर कोणाच्या वर उभा राहणार? 'वाटून देणे' म्हटलं की वाटप होतं, जे आपण आत्ताच बाजूला केलं. 'वर्गणी' तर पावतीपुस्तक घेऊनच येते.

तरुण मंडळी 'शेअर करणे' सुचवतात. वाटतं तितकं वाईट नाही. रोमकरांस १:११ ला तर छान बसतं. पण व्हॉट्सॲपवर फोटो शेअर केला तर आपला फोटो आपल्याकडेच राहतो, आणि दोन अंगरख्यांपैकी एक दिला तर एक जातो. मुंबईत हा शब्द सध्या पहिल्या अर्थानेच इतका वापरला जातो की लूकमध्ये तो पातळ पडतो.

'आपल्यातलं देणे' किंवा 'आपल्यातला वाटा देणे' पाचही ठिकाणी टिकतं. 'आपल्यातला एक अंगरखा द्यावा.' 'आपल्यातलं काही कृपादान तुम्हाला द्यावं.' 'गरजवंताला आपल्यातलं देता यावं.' थेस्सलनीकाकरांसमध्ये वाक्य थोडं वळवावं लागतं: 'सुवार्ताच नव्हे, आमच्या जिवातलाही वाटा तुम्हाला द्यावा.' एकच मराठी शब्द सगळीकडे जसाच्या तसा बसलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. एकच शब्द सगळीकडे कोंबल्याने वाक्य मोडत असेल तर भाषांतर बदला, अर्थ नको.

दुसरी संध्याकाळ: हाप्लोतेस

नंबर ५७२. मूळ अर्थ 'एकपदरी असणं': घडी नाही, अस्तर नाही, आत एक बाहेर एक नाही. इथे कोशच एकमेकांशी भांडतात, म्हणून एका कोशावर विसंबून चालत नाही. अर्थक्षेत्रांनुसार शब्द लावणारा लाउ आणि नायडा यांचा १९८८ चा कोश हा शब्द दोन जागी ठेवतो: देण्याघेण्याच्या क्षेत्रात 'औदार्य' म्हणून आणि नैतिक गुणांत 'निष्कपटपणा' म्हणून. नव्या कराराचा मोठा प्रमाण कोश, ज्याला चार संपादकांच्या आद्याक्षरांवरून 'बीडॅग' म्हणतात, तो २००० च्या आवृत्तीत 'औदार्य' या अर्थाबद्दल साशंक आहे. त्याच्या मते मनाचा सरळपणा हा एकच अर्थ सगळीकडे पुरतो.

दोघांचं ऐकून घ्या आणि वचनांकडे वळा. आठ जागा आहेत: रोमकरांस १२:८, २ करिंथकरांस १:१२, ८:२, ९:११, ९:१३, ११:३, इफिसकरांस ६:५, कलस्सैकरांस ३:२२. तुमच्या ॲपने सात दाखवल्या तर घाबरू नका. २ करिंथकरांस १:१२ मध्ये काही हस्तलिखितांत 'हाप्लोतेस' आहे, काहींत 'हागियोतेस' म्हणजे पवित्रता. ग्रीक लिपीत दोन शब्दांत दोनतीन अक्षरांचाच फरक, आणि कोणती संपादित आवृत्ती ॲपने घेतली त्यावर आकडा ठरतो.

वहीत यांचे दोन ढीग करा. पैशाच्या संदर्भातल्या चार: रोमकरांसची एक आणि २ करिंथकरांस आठव्या-नवव्या अध्यायातल्या तीन. उरलेल्या चार पैशाशी संबंध नसलेल्या. दुसऱ्या ढिगात 'औदार्य' कुठेच बसत नाही. इफिसकरांस आणि कलस्सैकरांसमध्ये दासांना सांगितलं आहे की धन्याची नजर असतानाच काम करण्यासारखं नव्हे, तर मनाच्या हाप्लोतेसने चाकरी करा. पहिल्या ढिगात नुसता 'साधेपणा' बसत नाही. ८:२ मध्ये मासेदोनियाच्या मंडळ्या घोर दारिद्र्यात असूनही त्यांच्या हाप्लोतेसची 'श्रीमंती' उसळून वर आली, असं पौल म्हणतो. साधेपणाची श्रीमंती उसळत नाही.

कोशांचा वाद इथूनच उगवतो, आणि मराठीत तो मिटवायची सोय आयती आहे: 'हातचं न राखता'. काम हातचं न राखता करतात, सांगायचं तेही हातचं न राखता सांगतात, आणि द्यायचं तेही. काही लपवलं नाही आणि काही मागे ठेवलं नाही, दोन्ही त्यात एकदमच येतं. दासाने हातचं न राखता चाकरी करावी: बसलं. मासेदोनियाच्या लोकांनी हातचं न राखता दिलं: बसलं. २ करिंथकरांस १:१२ मध्ये जरा ओढून बसवावं लागतं, तिथे 'निष्कपटपणे' बरं. आठात एक अडलं तर तो शब्दप्रयोग टाकून द्यायचं कारण नाही.

दोन जागांनी याला पुष्टी मिळते. १ इतिहास २९:१७ मध्ये मंदिरासाठी सोनं-रुपं दिल्यावर दावीद म्हणतो, हे सगळं मी सरळ मनाने, खुशीने दिलं. सेप्टुअजिंटमध्ये तिथे 'हृदयाच्या हाप्लोतेसने' असे शब्द आहेत. म्हणजे पौलाच्या आधीच हा शब्द देण्याच्या शेजारी येऊन बसला होता. दुसरी जागा याकोब १:५. देव सगळ्यांना 'हाप्लोस', म्हणजे याच शब्दाच्या क्रियाविशेषणाने, देतो 'आणि दोष लावत नाही'. उपकार काढून दाखवत नाही, दिलंघेतलं बोलून दाखवत नाही. हाप्लोतेसच्या उलट काय असतं हे याहून नेमकं कुठे सापडत नाही: दिलं पण आत अस्तर होतं, आणि ते अस्तर सहा महिन्यांनी भांडणात बाहेर आलं.

आता पहिल्या तक्त्यातली मोकळी ओळ भरा. देणारा: मंडळीतला कोणीही. काय: आपल्या जवळचं. कसं: हातचं न राखता. वचन असं लिहून होतं: 'आपल्यातला वाटा देणाऱ्याने तो हातचं न राखता द्यावा.' याच्या शेजारी तुमच्या बायबलातलं वाक्य लिहा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनने छापलेलं भाषांतर मिळालं तर तेही लिहा. तुमचं वाक्य छापील वाक्याची दुरुस्ती नाही. छापील वाक्याने काय निवडलं आणि काय सोडलं ते दिसण्यासाठी आहे.

शेजारचे शब्द, फसण्याच्या जागा

त्याच १२:८ च्या शेवटी दया करणाऱ्याने 'हिलारोतेस'ने करावी असं आहे, आणि २ करिंथकरांस ९:७ मध्ये देव 'हिलारोस' देणाऱ्यावर प्रीती करतो. इंग्रजी प्रवचनांतून मुंबईत एक समजूत पसरली आहे की हा शब्द 'हिलेरियस' आहे, तेव्हा हसतखिदळत द्यावं. इंग्रजी शब्द ग्रीकवरून आला, ग्रीक शब्द इंग्रजीवरून नाही. पौलाच्या काळी त्याचा अर्थ प्रसन्न, तोंड वाकडं न केलेला. तो नीतिसूत्रे २२:८ च्या सेप्टुअजिंटमधल्या ओळीचा आधार घेतो. तिथे देव आनंदी देणाऱ्याला 'आशीर्वाद देतो', पौल लिहितो 'प्रीती करतो'.

'आपोदिदोमी', नंबर ५९१, म्हणजे परत देणं, देणं फेडणं. मार्क १२:१४ मध्ये लोक विचारतात, कैसराला कर 'द्यावा' का? तिथे साधा दिदोमी. १७ व्या वचनात येशूच्या उत्तरात आपोदिदोमी आहे: कैसराचं कैसराला चुकतं करा. बहुतेक भाषांतरांत हा बदल दिसत नाही. लूक १९:८ मध्ये जकातदार जक्कयाच्या तोंडी दोन्ही एकाच दमात आहेत: अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, लुबाडलं असेल ते चौपट परत करतो. पहिलं देणं, दुसरं देणेकऱ्याचं देणं. गटात शिकवायला या वचनासारखं दुसरं नाही.

'पारादिदोमी', ३८६०, हवाली करणं. १ करिंथकरांस ११:२३ मध्ये दोनदा: पौलाने शिकवण सोपवली आणि त्या रात्री येशूला धरून दिलं गेलं. एकाच शब्दातून 'परंपरा म्हणजे विश्वासघात' असा सिद्धान्त काढू नका. मराठीत 'हवाली करणं' पोलिसांच्याही होतं आणि मुलाच्याही.

'दोरेआन' म्हणजे फुकट. मत्तय १०:८: फुकट मिळालं, फुकट द्या. गलतीकरांस २:२१ मध्ये तोच शब्द: नियमशास्त्राने नीतिमत्त्व मिळत असेल तर ख्रिस्ताचं मरण फुकट गेलं. आपल्या 'फुकट'लाही हेच दोन अर्थ आहेत, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फक्त योहान १५:२५ मध्ये तो 'विनाकारण द्वेष केला' असा येतो, तिथे फुकट चालणार नाही.

गटात घेताना

आठ ते दहा जण, दीड तास. पहिली वीस मिनिटं कोणालाही फोनवर कोश उघडू देऊ नका. पाच वचनं मराठीत मोठ्याने वाचायची आणि रकाने भरायचे. कोश आधी उघडला की सगळे तोच अर्थ वचनात शोधायला लागतात. इंग्रजी वाचणाऱ्यांना आपापल्या भाषांतरातला शब्द फक्त एकदा सांगायला लावा आणि फळ्यावर लिहा. नंतर ग्रीक नंबर. शेवटची पंधरा मिनिटं प्रत्येकाने १२:८ स्वतःच्या घरच्या बोलीत लिहायचं: वसईचा माणूस वसईच्या, कोळीवाड्याचा कोळीवाड्याच्या. बोलीतला शब्द प्रमाण मराठीपेक्षा जास्त नेमका निघतो, असं बरेचदा होतं.

पुढच्या वेळी २ करिंथकरांसचा आठवा आणि नववा अध्याय घ्या, पण तयारी जास्त ठेवा. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या पैशाला पौल तिथे कृपा, भागीदारी, सेवा, आशीर्वाद, उपासनेतली सेवा अशी नावं देतो. १ करिंथकरांस १६:१ मध्ये 'लोगेया' हा वर्गणी गोळा करण्याचा रोकडा शब्द त्याने वापरला होता, तो या दोन अध्यायांत एकदाही नाही. मेतादिदोमीही नाही. त्या नावांची यादी काढायलाच एक संध्याकाळ जाते.